बॅरिओसमधील एकत्रित फुल बॅकअप आणि पूलची मांडणी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नारायण पेठेतील आमच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयात गेले नऊ महिने बॅरिओस ही मुक्त स्रोत बॅकअप प्रणाली वापरात आहे. बारा संगणक आणि एक सर्व्हर मिळून साधारण १.४ टीबी डेटा सांभाळायचा असतो. पूर्वी शनिवारी रात्री सुरू केलेला फुल बॅकअप (सगळ्या फायलींची पूर्ण प्रत) रविवारी दुपार उलटली तरी संपत नसे, आणि दिवाळी अंकांच्या हंगामात रविवारीही कार्यालय उघडे असल्यामुळे सगळ्यांचेच काम अडत असे. बॅरिओस २०१० मध्ये बॅक्युला या आधीच्या बॅकअप प्रणालीपासून वेगळी झाली. तिच्यातील ‘ऑलवेज इन्क्रिमेंटल’ पद्धतीत फुल बॅकअप एकदाच घ्यावा लागतो. त्यानंतर रोज फक्त बदललेल्या फायली येतात (हाच इन्क्रिमेंटल बॅकअप) आणि जुने इन्क्रिमेंटल बॅकअप स्टोरेजवरच एकत्र केले जातात. संगणकांना त्या कामाची झळ लागत नाही.

हे सगळे पूल, म्हणजे बॅकअप साठवण्याचे गट, कसे मांडले आहेत यावर अवलंबून आहे, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. रोजचे बॅकअप एका पूलमध्ये, एकत्रित बॅकअप दुसऱ्या पूलमध्ये, आणि पहिल्या पूलच्या ‘नेक्स्ट पूल’मध्ये दुसऱ्याचे नाव, अशी रचना मी केली. दोन्ही पूलना वेगळे स्टोरेज दिले, पण प्रत्येक स्टोरेजखाली डिव्हाइस (प्रत्यक्ष वाचन-लेखन करणारा भाग) एकच ठेवले. पहिले एकत्रीकरण सुरळीत झाले, कारण तेव्हा वाचन पहिल्या स्टोरेजवरून आणि लेखन दुसऱ्यावर होते. पुढच्या खेपेस मात्र आधी एकत्र केलेला भागही वाचावा लागतो, तो दुसऱ्याच पूलमध्ये असतो आणि नवा बॅकअपही तिथेच लिहायचा असतो. एकच डिव्हाइस एका वेळी वाचन आणि लेखन दोन्ही करू शकत नाही. सोमवारी सकाळी येऊन पाहिले, तर जॉब, म्हणजे एकत्रीकरणाचे काम, रात्रभर डिव्हाइस मोकळे होण्याची वाट पाहत तसाच थांबलेला होता. एकत्रित पूलच्या स्टोरेजखाली तीन डिव्हाइस ऑटोचेंजर म्हणून, म्हणजे मोकळे असेल ते आपोआप निवडले जाईल अशी, एकत्र बांधली आणि प्रत्येकावर एका वेळी एकच जॉब चालेल अशी मर्यादा घातली, तेव्हा हा प्रश्न कायमचा मिटला. ही पद्धत नव्याने बसवणाऱ्याने पहिल्या यशस्वी जॉबवर समाधान मानू नये. निदान दुसरे एकत्रीकरण डोळ्यांसमोर होऊ द्यावे.

जागेचा हिशेब हा दुसरा मुद्दा. फुल बॅकअप नव्याने बांधला जात असताना जुना आणि नवा असे दोन्ही डिस्कवर असतात, म्हणजे आमच्याकडे त्या काही तासांत २.८ टीबी जागा फक्त फुल बॅकअपसाठीच लागते. शिवाय एकत्रीकरणानंतर जुने जॉब कॅटलॉगमधून (बॅरिओसच्या नोंदींतून) गेले तरी व्हॉल्यूमची, म्हणजे बॅकअप जिच्यात लिहिले जातात ती, फाइल तेवढ्याच आकाराची राहते. एका व्हॉल्यूमवर अनेक दिवसांचे जॉब असतील तर त्यांतला शेवटचा जाईपर्यंत ते व्हॉल्यूम मोकळे होत नाही. म्हणून ‘व्हॉल्यूम यूज ड्युरेशन’ (एका व्हॉल्यूमवर लिहीत राहण्याची मुदत) २३ तास ठेवले, आणि पर्ज झालेली, म्हणजे सगळे जॉब निघून गेलेली, व्हॉल्यूम आकाराने रिकामी करण्याची ट्रंकेट आज्ञा आठवड्यातून एकदा चालवतो. ‘व्हॉल्यूम रिटेन्शन’ (व्हॉल्यूम जपण्याची मुदत) मात्र मुद्दाम ३६० दिवस ठेवले आहे. जॉब कधी काढायचे हे इथे एकत्रीकरण ठरवते. रिटेन्शन कमी ठेवले तर साखळीतला हवा असलेला दुवाच निघून जाण्याचा धोका असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सुरुवातीला मी जॉब रिटेन्शन (रोजचे बॅकअप एकत्र न करता वेगळे ठेवण्याची मुदत) ७ दिवस ठेवले होते. ऑगस्टमध्ये एका दिवाळी अंकाच्या कथाविभागाची दुसरी मुद्रिते तपासून झाली आणि दोनच दिवसांनी कोणीतरी त्याच नावाने जुनी फाइल वर चढवली. मुद्रितशोधक बाईंच्या ते लक्षात आले तेव्हा बारा दिवस झाले होते. “परवाच्या नाही हो, त्या मंगळवारच्या दुरुस्त्या हव्यात,” असे त्या म्हणाल्या, आणि ती नेमकी आवृत्ती एकत्रीकरणात विरून गेली होती, कारण एकत्र होताना प्रत्येक फाइलची त्या टप्प्यातली शेवटची प्रतच उरते. बाईंनी शहाण्णव पाने पुन्हा वाचली. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. आता जॉब रिटेन्शन ३० दिवस आणि ‘मॅक्स फुल एज’ (फुल बॅकअप नव्याने बांधण्याआधीचे त्याचे कमाल वय) ६० दिवस आहे. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा असावाच लागतो, आणि त्यामुळे फुल बॅकअप दर आठवड्याला पुन्हा लिहिला जाण्याचा खटाटोपही वाचतो. डिस्क थोडी जास्त लागते, पण ती जागा सार्थकी लागते असे माझे ठाम मत आहे.

एकत्रीकरण रविवारी पहाटे ठेवले आहे. बुधवारी रात्री ठेवले असते, तर सात-आठ तास चालणारा जॉब गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते त्या वेळेत सापडला असता.

दीर्घकाळ ठेवायच्या प्रतीसाठी तिसरा पूल आहे. तिथे दर तिमाहीला व्हर्च्युअल फुल जॉब (आधीच्या बॅकअपमधूनच बांधलेला फुल बॅकअप) जातो आणि तो संपताच त्याचा प्रकार ‘आर्काइव्ह’ करणारी आज्ञा चालते. ती राहून गेली तर पुढचे इन्क्रिमेंटल त्याच प्रतीला पाया मानू लागतात. त्या पूलची डिस्क मी कोथरूडला घरी नेऊन ठेवतो, आणि नेण्याआधी तिच्यावरून एक जुना अंक संपूर्ण रिस्टोअर करून त्याची पाने उघडून पाहतो. मागच्या वेळी उघडलेल्या अंकाची सगळी पाने फाँटसकट जशीच्या तशी आली.