सभागृहातला प्रोजेक्टर: छताला टांगावा की मागच्या केबिनमध्ये ठेवावा?

दादर-गिरगावच्या जुन्या सभागृहांत व्यावसायिक प्रोजेक्टर बसवताना या प्रश्नाचे अर्धे उत्तर लेन्सच देते. थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचे अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल, तर ४ मीटर रुंद पडद्यासाठी प्रोजेक्टर ६ मीटरवर हवा, म्हणजे तो प्रेक्षकांच्या डोक्यावर छतालाच जातो. तोच पडदा १८ मीटरवरच्या केबिनमधून भरायचा, तर ४.५ रेशोची लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि ती बहुधा वेगळी विकत घ्यावी लागते.

छताचा पर्याय त्यामुळे स्वस्त दिसतो. मात्र जुन्या इमारतींत स्लॅबमधल्या सळ्या गंजून प्लास्टर सुटलेले असते, म्हणून अँकर ठोकण्यापूर्वी स्लॅब तपासून घ्यावा, वजन फॉल्स सीलिंगवर मुळीच टाकू नये आणि ब्रॅकेटखेरीज सुरक्षेची वेगळी तारही बांधावी. वरच्या मजल्यावर पावसाळ्यातल्या गळतीची धास्ती असतेच, शिवाय फिल्टर साफ करायला दरवेळी शिडी लावावी लागते (हे काम मग वर्षानुवर्षे राहून जाते).

केबिनमध्ये पंख्याचा आवाज काचेआड राहतो आणि देखभाल उभ्या उभ्या होते. फक्त गरम हवा बाहेर काढण्याची सोय हवी. केबलचे अंतर वाढले, तरी एचडीबेसटीवरून (नेटवर्क केबलमधून चित्र-आवाज पाठवण्याची पद्धत) सिग्नल १०० मीटरपर्यंत नेता येतो.

कुठेही बसवला, तरी चित्र लेन्स शिफ्टने (प्रोजेक्टर न हलवता लेन्सच सरकवून) जुळवावे, कारण कीस्टोनमध्ये (तिरके पडलेले चित्र डिजिटल पद्धतीने चौकोनी करण्यात) पिक्सेल वाया जातात. जुन्या सभागृहासाठी माझा कौल केबिनला आहे. नव्या, लहान खोलीत छत पुरेसे आहे.