काचेला आतून चंदेरी शीट की बाहेरून शेडनेट?

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभी कॅम्पर व्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) म्हणजे नुसता तवा. पत्र्याहून जास्त दगा काचा देतात: ऊन आत येतं, गाद्या तापतात आणि ती धग काच बाहेर जाऊ देत नाही.

आतून लावायची चंदेरी बबल शीट स्वस्त आणि झटपट. वर्तमानपत्रावर काचेचा साचा काढायचा, शीट बोटभर मोठी कापायची, म्हणजे ती काठात घट्ट बसते. मी पहिल्यांदा अगदी मापात कापली. पानशेतच्या वाटेवर पहिल्याच खड्ड्यात सगळ्या खाली! चंदेरी बाजू काचेकडे हवी. रात्री आडोसाही होतो. पण ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं. काच आणि शीट यांच्यामधली हवा तापते आणि ती गाडीतच राहते.

बाहेरून शेडनेट बांधली तर ऊन काचेवरच कमी पडतं. गारव्यात हीच सरस, शिवाय काच खाली करून वाराही घेता येतो. कटकट मात्र भरपूर. वळवाचा वारा सुटला की दोऱ्या धरून पळा.

मी दुपारी शेडनेट, रात्री शीट लावतो. सगळ्या काचांना दोन्ही परवडत नसेल तर समोरच्या मोठ्या, तिरप्या काचेला बाहेरून झाकण घ्या; बाजूच्या छोट्या काचांना शीट चालेल. झोपताना एखादी फट उघडी ठेवा, नाहीतर पहाटे काचांवर श्वासाचं पाणी साचलेलं दिसेल.