शहरातलं जुनं आवार की बाहेरचा नवा कॅम्पस? नाशिकमध्ये प्रवेश घेताना

दोन्हीकडे नंबर लागला असेल, तर फी, निकाल आणि नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) श्रेणी तुम्ही एव्हाना पाहिलेली असणारच. मला बोलायचंय ते आवाराच्या मांडणीबद्दल. प्रवेशाच्या धावपळीत तिच्याकडे कुणी बघत नाही आणि पुढची वर्षं रोज तिच्याशीच गाठ असते. मी पदवी शहराबाहेरच्या मोठ्या कॅम्पसवर केली. एम.एस्सी.ला दोन्हीकडे नाव लागलं, तेव्हा शहरातलं जुनं कॉलेज घेतलं.

नाशिकची गोष्ट जरा वेगळी आहे. गोवर्धनला मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८), अशी दोन विद्यापीठं आपल्याकडे आहेत. पण मुक्तचा विद्यार्थी शिकतो त्याच्या जवळच्या अभ्यासकेंद्रावर आणि आरोग्य विद्यापीठाचा मुख्यतः राज्यभरातल्या संलग्न कॉलेजांत. त्यामुळे पुण्याच्या गणेशखिंडीसारखं मुलांनी गजबजलेलं विद्यापीठाचं आवार नाशिकला मिळालं नाही. ती उणीव भरून काढली कॉलेजांनी. एचपीटी कॉलेज १९२४ चं. आज आरवायके आणि बीवायकेही त्याच परिसरात आहेत. पुढे गंगापूर रोडला गोदावरीच्या बाजूने केटीएचएम.

अशी जुनी आवारं एका नकाशातून उभी राहत नाहीत. नवा अभ्यासक्रम आला की मजला चढतो, पैसे जमले की मागे प्रयोगशाळा होते. इमारतींचे रंग जुळत नाहीत, जिने भलतीकडे निघतात. बाहेरच्या कॅम्पसवर सगळं आधी कागदावर ठरलेलं असतं: इमारतींमध्ये ऐसपैस अंतर, वाढीसाठी राखलेली जागा, गाडी फिरेल असे गोल रस्ते. डोळ्यांना ते नक्कीच छान वाटतं. हॉस्टेल, मोठी वर्कशॉप, मैदान यांचा विचार केला तर नव्या कॅम्पसचं पारडं जड आहे, हे मान्यच करायला हवं. पार्किंगचं तर बोलायलाच नको. जुन्या आवारात अकरानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

माझा निर्णय मात्र ठरला तो दोन लेक्चरच्या मधल्या अर्ध्या तासावर. पदवीला आमचा विभाग एका टोकाला आणि ग्रंथालय दुसऱ्या टोकाला होतं. मधला रस्ता गाड्यांसाठी आखलेला, त्यामुळे वळसा घेऊन जाणारा. झाडं नुकती लावलेली, डोक्यावर छप्पर कुठेच नाही. एप्रिलमध्ये त्या डांबरावरून चालणं जिवावर यायचं. पावसाळ्यात तर विचारू नका. आमचा कॅम्पस त्र्यंबकच्या बाजूला, तिथून सह्याद्री जवळ, त्यामुळे पाऊस शहरापेक्षा जास्त आणि आडवा. छत्री असूनही पँट गुडघ्यापर्यंत भिजायची आणि पुस्तक शर्टाच्या आत धरून आणावं लागायचं. जाऊन-येऊन हातात दहा मिनिटं उरत. मग आम्ही जाणंच सोडलं. वर्गातच मोबाइल घेऊन बसायचो. अर्धा तास असाच जायचा, आठवडाभर, वर्षभर.

शहरातल्या कॉलेजात वर्ग एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला उघडा व्हरांडा. त्याच व्हरांड्याने ग्रंथालयापर्यंत जवळजवळ कोरडं जाता यायचं. पावसाळ्यात कठड्यावर ओळीने छत्र्या वाळत घातलेल्या आणि खाली पाण्याचे ओघळ. वाटेत सीनियर भेटायचे, कुणाच्या हातात जर्नल, कुणी प्रॅक्टिकलमधून निघालेला. सर स्टाफरूमकडे जाताना दिसले की तिथल्या तिथे शंका विचारून व्हायची. माझ्या प्रकल्पाचा विषय असाच, कठड्याला टेकून, ठरला. नव्या इमारतीत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना वर्ग असतात, दिवसाही ट्यूबलाइट लागते. तिथे कुणी थांबत नाही, लेक्चर संपलं की जो तो निघतो.

हा अनुभव माझा, तोही विज्ञान शाखेचा. इंजिनीअरिंगचं गणित वेगळं असू शकेल, आणि बाहेरगावहून येऊन हॉस्टेलला राहणाऱ्याला बाहेरचा कॅम्पस कदाचित अधिक सोयीचा जाईल. पण घर शहरात असेल, सिटीलिंक बसने किंवा दुचाकीने ये-जा करणार असाल आणि बाकी सगळं सारखंच असेल, तर मी जुन्याकडेच झुकेन.

पाहायला जाल तेव्हा प्रवेशद्वार आणि सभागृह दाखवतील, ते बघाच. पण दुपारी बाराच्या सुमारास जा आणि तुमच्या विभागापासून ग्रंथालयापर्यंत स्वतः चालून या. शहरातल्या कॉलेजातही विभाग मागच्या वेगळ्या इमारतीत हलवलेला असू शकतो. तसं असेल तर मी वर लिहिलेलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. म्हणून वर्ग नेमके कुठे भरतात, हे फी भरण्याआधी ऑफिसमध्ये विचारून घ्या.