आठ महिने, चौदा रुमाल: सहकुटुंब दप्तरकामाचा अनुभव

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक छोटं इतिहास मंडळ आहे. गेल्या जूनपासून आम्ही चौघं, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासरे, दर रविवारी सकाळी तिथे जातो. वाड्यांच्या माळ्यांवरून आलेले मोडी लिपीतले जुने कागद रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, बांधलेले असतात. ते सोडायचे, मऊ ब्रशने झाडायचे, गंजक्या टाचण्या काढायच्या, पेन्सिलीने क्रमांक घालायचा, फोटो काढून नोंद करायची.

मला वाटलं होतं, लढायांची पत्रं हाती लागतील. निघाली ती बांधाची भांडणं, कर्जरोखे आणि एका आंब्यावरून भाऊबंदांत तीन पिढ्या चाललेला वाद. लेक टिकली ती त्या आंब्यामुळेच. शेवटी आंबे कुणी खाल्ले, हे तिला अजून कळायचंय. पुढचा कागद कसरीने खाल्लाय.

मोडी आम्ही तिथेच शिकलो. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवायची. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. शुद्धलेखनात गुण घालवणाऱ्या लेकीला ही लिपी आवडली नसती तरच नवल! तारखांनी मात्र छळलं, कारण वर्ष अरबी शब्दांत लिहिलेलं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. पण हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी १७६१ चं पानिपतही याच सनात. हा हिशेब सगळ्यांत आधी सासऱ्यांना जमला. निवृत्त तलाठी ते. वीस पांडांचा बिघा, ही जमिनीची जुनी मापं, त्यांना कागद न बघताही ठाऊक.

तक्रारी आहेत. मंडळाची जुनी नोंदवही अर्धवट, त्यामुळे एक रुमाल आम्ही दोनदा नोंदला. चार रविवार पाण्यात. पूर्वी कुणीतरी फाटक्या कागदांना चिकटपट्टी लावलीय, ती पिवळी पडून अक्षरांवर बसलीय. तिला हात लावायची आम्हाला परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. नवऱ्याला धुळीने शिंका येतात, म्हणून त्याच्याकडे फक्त कॅमेरा. भर पावसाळ्यात दमट हवेमुळे रुमाल उघडतच नाहीत. ते दोन महिने नुसत्या याद्या टाइप करण्यात गेले आणि लेकीने निम्म्या रविवारी दांडी मारली.

फी काही नाही, मास्क आपले आपण न्यायचे. आठ-नऊ वर्षांखालचं मूल नेऊ नका, कागद धरताच तुकडा पडतो. घरातलं म्हातारं माणूस मात्र जरूर न्या.

त्याच वाड्याचे आणखी चार रुमाल बाकी आहेत. आंब्याचा निकाल त्यांतच कुठेतरी असणार, असं सासरे म्हणतात.