आईसाठी घेतलेलं समुपदेशन, परभणी

वडील गेले तशी आई गप्पच, दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला जाणारी बाई म्हणायली आता देवाला काय मागू. कॉलेजात समुपदेशन शिकवणारे एक सर संध्याकाळी लोकांना भेटतात, तिथं नेलं. सरांनी पहिलं हेच विचारलं, "मावशी, माळ कधी काढली?" अन् मग आई जी बोलायली ती पाऊण तास. सर उपदेश करत नाहीत, अंगारा-ताईत तर नाहीच, तिची श्रद्धा तिच्याच शब्दात ऐकून घेतात, मला हे लई मोलाचं वाटलं. झोपेसाठी मात्र सरळ मानसोपचार डॉक्टरकडं पाठवलं, गोळ्या समुपदेशक देत नसतात बरं का. रात्री-अपरात्रीसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, फुकट आहे. वेटिंग खूप, खुर्च्या दोनच. चौथ्या वेळी निघताना आईनं पिशवीतून माळ काढून गळ्यात घातली.