रंगाच्या सांडपाण्यासाठी प्रकाश-उत्प्रेरक: टायटेनियम डायऑक्साइड की झिंक ऑक्साइड?

रंगयुक्त सांडपाण्यावर सूर्यप्रकाशात प्रक्रिया करायची ठरली की प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ, म्हणून टायटेनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड हे दोन पर्याय सर्वप्रथम समोर येतात. दोन्हींचे कार्यतत्त्व एकच आहे: प्रकाश पडताच त्यांच्या नॅनोकणांत इलेक्ट्रॉन आणि धन रिक्तिका (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या धनप्रभारित जागा) सुट्या होतात आणि त्यांच्यामुळे पाण्यात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील OH कण) रंगाचे रेणू तोडतात. दोन्हींचे ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटा करण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, ३.२ ते ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने त्यांना अतिनील किरणच लागतात आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत या किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो.

प्रकाशाच्या बाबतीत दोन्ही सारखेच, म्हणून निवड पाण्याच्या सामूवरून (pH) करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उदासीन पाण्यात झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग धनप्रभारित राहतो, ऋणप्रभारित रंगांना तो धरून ठेवतो आणि त्यामुळे काही रंगांचे विघटन तेथे अधिक वेगाने होते. परंतु हा पदार्थ आम्लात विरघळतो, तीव्र अल्कलीतही विरघळतो आणि प्रकाशातही झिजतो. त्यातून सुटणारे जस्ताचे आयन जलचरांना घातक ठरतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रंग) कापड रंगवल्यावर उरणारे पाणी बरेच अल्कधर्मी असते आणि तेथे टिकाऊपणात टायटेनियम डायऑक्साइड निश्चितच सरस आहे. मात्र सामू ६.५ च्या वर गेल्यास त्याचा पृष्ठभाग ऋणप्रभारित होऊन ऋणप्रभारित रंग दूर लोटले जातात, म्हणून पाणी आधी उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी करून घ्यावे.

दृश्य प्रकाशही वापरायचा असेल तर ग्राफिटिक कार्बन नायट्राइड हा तिसरा उत्प्रेरक आहे; ते युरियासारख्या पदार्थापासून बनते आणि सुमारे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा दृश्य प्रकाश वापरते. पण त्यात इलेक्ट्रॉन आणि रिक्तिका लवकर पुन्हा एकत्र येत असल्याने ते एकटे सहसा पुरे पडत नाही.

उत्प्रेरकाचे कण पाण्यात मिसळल्यास वेग अधिक मिळतो, पण नंतर ते गाळून काढणे जिकिरीचे होते. अखंड चालणाऱ्या प्रक्रियेसाठी काचेवर बसवलेला उत्प्रेरकाचा थर मला अधिक योग्य वाटतो.

चाचणी अहवालात केवळ रंग किती उतरला एवढेच पाहू नये. अनेक रंगांना रंग देणारा अ‍ॅझो बंध (दोन नायट्रोजन अणूंमधील दुहेरी बंध) तुटताच रंग जातो, परंतु अ‍ॅरोमॅटिक (बेंझिनसारखे वलय असलेले) तुकडे पाण्यात उरू शकतात. त्यामुळे एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, हा आकडा आवर्जून मागावा. अंधारातील चाचणीही हवी, कारण रंग कणांना नुसता चिकटूनही पाणी स्वच्छ दिसू शकते. गडद पाण्यात प्रकाश खोलवर शिरत नाही, त्यामुळे कोणताही उत्प्रेरक निवडला तरी हा टप्पा जैविक प्रक्रियेनंतर ठेवावा.