चिऱ्याच्या घरात वायफाय: रिपीटर की केबल?

राउटर ओटीवर आणि मोबाइल मागच्या पडवीत, मग रेंज रडणारच. मध्ये जांभ्याच्या जाड भिंती, त्यात पावसाळ्यात त्या पाणी पितात. ओल्या भिंतीत सिग्नल आणखी मरतो. वायफायच्या बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) २.४ गिगाहर्ट्‌झ कसाबसा पोचतो, ५ आधीच गळपटतो. पण खर्चाआधी लॅपटॉप वायरीने राउटरला जोडून स्पीड बघा. तिथेच रडगाणं असेल तर दोन्ही उपाय वाया.

रिपीटर म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पसरवणारा डबा. स्वस्त, प्लगला खोचला की चालू. एकाच बँडचा असेल तर वेग साधारण निम्मा होतो. आणि लोक तो नेमका रेंज मेलेल्या खोलीत लावतात! माजघरात लावा, जिथे दोन-तीन काड्या दिसतात.

केबलची खटपट मोठी. चिऱ्याला भोक पाडा, नाहीतर कौलांखालून वाशांच्या कडेने न्या. कॅट ६ वायर (नेटवर्कची केबल) १०० मीटरपर्यंत चालते. टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो वायरीतलं नेट वायफायने पसरवतो, वेग जवळजवळ पूर्ण मिळतो. स्वतःचं घर असेल तर माझं मत केबललाच. भाड्याच्या खोलीत रिपीटर बरा. फक्त वायर अंगणातून माडाला बांधून नेऊ नका. वळवाच्या विजांत तांब्याची वायर दोन्हीकडचे राउटर घेऊन जाऊ शकते.